बाटली संपेपर्यंत: केमोच्या खुर्चीतला व्हीआर चष्मा

लहान मुलाला लस टोचताना आजी काय करते? खिडकीकडे बोट दाखवून म्हणते, "तो बघ, तो बघ कावळा!" पोर मान वळवतं आणि तेवढ्यात सुई आत जाते. रडायचं ते रडतंच, पण जरा उशिरा आणि जरा कमी. कॅन्सरच्या रुग्णाला उपचार चालू असताना व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे व्हीआरचा चष्मा लावतात तो या कावळ्यासाठीच. फरक इतकाच, की हा कावळा उडून जात नाही. मान कुठेही वळवा, समोर तोच.

मी या विषयात पडले ती मावशीमुळे. तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आठ केमो सांगितल्या: आधी चार लाल औषधाच्या, मग चार पॅक्लिटॅक्सेलच्या. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याचा रंग खरोखरच सरबतासारखा लाल असतो आणि नंतर दिवसभर लघवीही लालसर होते. पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांतून एकदा द्यायचं असलं तर थेंब थेंब करत साधारण ३ तास लागतात. त्याआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून द्यायची औषधं, त्याआधी रक्ताच्या रिपोर्टची वाट, त्याआधी बिलाची रांग. डे केअरच्या, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायच्या विभागाच्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी स्टँड, स्टँडवर बाटली. भिंतीवरचा टीव्ही चालू, आवाज बंद. सगळ्यांची नजर आपापल्या बाटलीवर.

माझ्या मुलाकडे खेळायचा व्हीआर हेडसेट होता. तो म्हणाला, "मावशीआजीला हा नेऊ या का?" मी आधी उडवून लावलं आणि मग रात्री बसून वाचायला लागले.

आधी यंत्र समजून घेऊ, ते फार अवघड नाही. हेडसेटच्या आत दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात. आपले डोळे एकमेकांपासून दोन-अडीच इंचांवर असल्यामुळे खऱ्या जगातही दोघांना दिसणारं दृश्य थोडं वेगळंच असतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. समोरची भिंगं जवळच्या पडद्याला लांब आणि रुंद करून दाखवतात. खरी करामत मात्र पुढे आहे. हेडसेटमधले सेन्सर मान किती वळली, किती झुकली हे सतत मोजतात आणि चित्र तेवढंच फिरवतात. हे एका सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात उरकावं लागतं. त्याहून उशीर झाला की मेंदूला लबाडी कळते आणि पोटात ढवळायला लागतं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड या संगणकशास्त्रज्ञांनी असा पहिला चष्मा केला तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आजचा अर्धा किलोच्या आसपास भरतो.

टीव्ही बघताना आपण खोलीत असतो आणि समुद्र टीव्हीत असतो. व्हीआरमध्ये खोली नाहीशी होते. मागे वळून पाहिलं तरी समुद्रच दिसतो. आपण फसवले जातोय हे ठाऊक असूनही शरीर फसतं, कड्याच्या टोकावर उभं केलं तर पाय मागे सरतो.

आता अमेरिकेतल्या सिॲटलला जाऊ, कारण या गोष्टीची सुरुवात कॅन्सरपासून नाही, भाजलेल्या माणसांपासून झाली. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलणं हा वैद्यकातल्या अत्यंत वेदनादायी प्रकारांपैकी एक. मॉर्फिनच्या जातीची औषधं देऊनही माणसं किंचाळतात. वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि हार्बरव्ह्यू रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या विभागात काम करणारे डेव्हिड पॅटरसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ च्या सुमाराला या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर लावून पाहायला सुरुवात केली. पुढे त्यांनी खास या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं जग तयार केलं. बर्फाळ दरीतून आपण हळूहळू पुढे सरकतो आणि हिममानवांवर, पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. आगीने होरपळलेल्या माणसाला बर्फात नेऊन सोडायचं, ही कल्पना मला फार आवडली. काही रुग्णांची जखम पाण्याच्या टाकीत बसवून धुवावी लागे. तिथे विजेचं उपकरण डोक्यावर ठेवणं धोक्याचं, म्हणून त्यांच्यासाठी चित्र प्रकाशतंतूंतून आणणारं वेगळं हेल्मेट करावं लागलं.

२००० साली त्यांनी दोन किशोरवयीन रुग्णांची हकिगत छापली. दोघांनाही ड्रेसिंगच्या थोड्या वेळात व्हिडिओ गेम दिला होता आणि थोड्या वेळात व्हीआर. व्हीआरमध्ये असताना दुखणं बरंच कमी वाटलं, असं दोघांनीही सांगितलं. पण दोन मुलांच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून २००४ मध्ये निरोगी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून, पायाला सोसेल इतपत चटका देत मेंदूचं चित्रण केलं. चष्म्यात बर्फ दिसत असताना वेदनेशी संबंधित पाच भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे ही माणसं नुसती शहाणपणाने 'बरं वाटतंय' म्हणत नव्हती.

असं का होतं? वेदना ही पायातून निघालेली तार डोक्यात पोचली आणि घंटा वाजली, इतकी सरळ नसते. वाटेत दारं असतात आणि ती किती उघडायची यात मेंदूचाही हात असतो. हा विचार मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला. शिवाय दुखायला लक्ष लागतं. भांडण रंगात आलं असताना बोट कापलेलं कळत नाही, भांडण संपल्यावर ठणका सुरू होतो, हे विळीवर भाजी चिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. लक्षाची शिदोरी मोजकी असते. बर्फाच्या गोळ्यांनी ती खाऊन टाकली की सुईच्या वाट्याला कमी उरते.

कॅन्सरच्या उपचारांत सुया कमी नाहीत. लहान मुलांना वारंवार शिरा शोधायला लागू नयेत म्हणून छातीवर कातडीखाली एक छोटी डबी बसवतात, तिला पोर्ट म्हणतात. पण त्या डबीतही प्रत्येक वेळी सुई घालावीच लागते. अमेरिकेतल्या अटलांटामध्ये ५९ मुलांवर यासाठी एक प्रयोग झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना तिथल्या प्राणिसंग्रहालयावर बेतलेल्या गोरिलांच्या जगात सोडलं होतं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांची नाडी कमी वाढली. गोरिला आजीच्या कावळ्याच्याच कुळातला.

मोठ्यांच्या केमोवरचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर अर्धं आहे. ड्यूक विद्यापीठाच्या सुसान श्नायडर या नर्सिंगच्या प्राध्यापक. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात स्तन, आतडं आणि फुप्फुसाचा कॅन्सर असलेले १२३ रुग्ण होते. प्रत्येकाने एक केमो चष्मा लावून घेतली, एक नुसती. चष्म्यात समुद्रतळाची सफर, चित्रसंग्रहालयात फेरफटका असे पर्याय होते. चष्मा लावला तेव्हा वेळ भराभर गेला असं रुग्णांना वाटलं, आणि हा फरक योगायोगाचा म्हणता येणार नाही इतका ठळक होता. ८२ टक्के लोक म्हणाले, परत लावू. पण थकवा, मळमळ, बेचैनी असा एकूण त्रास मोजला तेव्हा? केमो संपल्यावर लगेचही फरक नाही, दोन दिवसांनीही नाही.

इथे थांबून नीट बघायला हवं. व्हीआरवरच्या जाहिराती वाचल्या तर वाटेल की चष्मा लावला की केमोचा त्रासच जातो. प्रत्यक्षात तो वेळ खातो. खुर्चीतले तीन तास त्याने खाल्ले तर ते खाल्ले, घरी गेल्यावरची तिसऱ्या दिवशीची हाडं मोडून टाकणारी कणकण तो खाऊ शकत नाही. गाठीवर तर त्याचा काडीचा परिणाम नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं. मुलांच्या वेदनांवर आणि व्हीआरवर झालेले १७ प्रयोग, मिळून हजारभर मुलं, यांची छाननी करणारा आढावा २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने काढला. त्यात पुराव्याची खात्री 'कमी' ते 'अगदी कमी' अशी ठरली. प्रयोग लहान आहेत, आणि डोक्यावर चष्मा आहे की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका व्हीआर कार्यक्रमाला उपचार म्हणून परवानगी दिली खरी, पण ती जुनाट कंबरदुखीसाठी, कॅन्सरसाठी नव्हे.

माझा निष्कर्ष असा: ज्या त्रासाला सुरुवात आणि शेवट आहे तिथे हा कावळा चालतो. सुई, ड्रेसिंग, बाटली. रात्री दोन वाजता 'परत उलटला तर?' हा विचार छातीवर येऊन बसतो, त्याला शेवट नसतो. तिथे कुणाशी तरी बोलणं, गरज असेल तर समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ. चष्मा तिथे फार तर झोप लागेपर्यंत सोबत करेल.

आता खुर्चीत येऊ. मावशीच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले. फिट कधी आली होती का? चक्कर येते का? मानेच्या मणक्यांत आजार पसरलाय का? पसरला असेल तर अर्धा किलोसुद्धा मानेला जड, आणि मेंदूत गाठ असेल तर झगमगत्या चित्रांनी फिट येण्याची भीती. मावशीला यातलं काही नव्हतं. मग ते म्हणाले, "लावा, पण सिस्टर सांगतील तेव्हा."

सिस्टरांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन आली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते: चेहरा लाल होतो, श्वास अडकतो. म्हणून बाटली सुरू झाल्यावर सिस्टर समोर उभ्या राहून चेहऱ्याकडे बघत असतात. "तोंडच झाकून ठेवलं तर मी बघू काय?" पहिला अर्धा तास चष्मा नाही, हा त्यांचा नियम.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. लाल औषध शिरेतून बाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. तिथे आग होतेय, टोचतंय हे रुग्णाने ताबडतोब सांगायचं असतं. म्हणजे ते दुखणं हाच निरोप असतो, आणि चष्म्याचं सगळं कौशल्य तो निरोप अडवण्यात आहे. हातातल्या साध्या शिरेतून असं औषध जात असेल तेव्हा माणसाचं लक्ष हातावरच असायला हवं. मावशीच्या चार लाल केमो आम्ही काही न लावता काढल्या होत्या ते बरंच झालं, असं मला तेव्हा वाटलं.

बाकीच्या गोष्टी घरगुती. केस गेलेल्या टाळूला पट्टा बोचतो, म्हणून आत सुती टोपी. सलाइनच्या हातात रिमोट द्यायचा नाही. केमोनंतर आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा दहा जणांच्या घामाचा हेडसेट नाकाशी लावणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. तोंडाला लागणारा फोम प्रत्येकाचा वेगळा हवा किंवा पुसता येईल असं कव्हर हवं. भिंगं मात्र स्पिरिटने पुसायची नाहीत, त्यांच्यावरचा थर जातो. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार. जबड्याचं आणि मानेचं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या गालावर हा चष्मा टेकवता येत नाही. परदेशातले प्रयोग वाचताना हे लक्षात ठेवावं, तिकडच्या डे केअरमधले चेहरे आणि आपल्याकडचे चेहरे सारखे नसतात.

रेडिएशनला, ज्याला आपल्याकडे सर्रास 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात, चष्मा आत नेता येत नाही. तिथे वापर आधी होतो. डोक्या-मानेच्या रेडिएशनला गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून तो टेबलाला घट्ट अडकवतात आणि सगळे खोलीबाहेर निघून जातात. पहिल्या दिवशी भलेभले घाबरतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी रेडिएशनच्या खोलीची हुबेहूब आभासी प्रतिकृती तयार झाली होती. पुढे तीच रुग्णांना 'उद्या तुमचं काय होणार आहे' हे दाखवायला वापरली गेली. लक्ष दुसरीकडे नेण्याच्या हे अगदी उलट आहे, इथे चष्मा भीतीकडेच बघायला लावतो, फक्त एक दिवस आधी.

आमचा पहिला प्रयोग फसला. मुलाने उत्साहाने जंगलावरून उडायचं काहीतरी निवडलं होतं. घरी मी स्वतः लावून पाहिलं आणि तीन मिनिटांत सोफ्यावर आडवी झाले. डोळे म्हणतात उडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, आणि या वादात पोट ढवळतं. एसटीत मोबाइल वाचल्यावर होतं त्याचंच हे दुसरं टोक. मळमळ ज्याच्या पाचवीला पुजलेली आहे त्याला हलणारं जग द्यायचं नाही. रुग्ण स्थिर, दृश्य स्थिर, हलायचं ते फक्त त्यातल्या पाण्याने.

म्हणून समुद्रकिनारा. पाचव्या केमोला अर्ध्या तासानंतर चष्मा चढवला. मावशी मूळची दापोलीजवळची. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माड आहेत, पण खाली एक झावळी पडलेली नाही. हा समुद्र कुणाचा गं?" शेजारच्या खुर्चीतले काका हसले. दहा मिनिटांनी तिची मान कलली. आधी दिलेल्या ॲलर्जीच्या औषधाने झोप येतेच. चष्म्यामुळे झोपली की औषधामुळे, हे सांगायला आमच्याकडे १२३ मावश्या नव्हत्या.

पुढच्या वेळेसाठी मुलाने बेत केला, की गावच्या घराचंच ३६० अंशांत चित्रीकरण करू. सुट्टीत जाऊन केलंही. अंगण, पडवी, विहीर, मागची आमराई. मी ते केमोला दाखवू दिलं नाही. कारण पुन्हा सिॲटलमध्येच आहे, हॉफमन यांच्याच विद्यापीठात. इलीन बर्नस्टीन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या मुलांना, केमोच्या आधी, एका नव्या चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर तेच आइस्क्रीम पुढे केलं तर मुलं नको म्हणाली. आइस्क्रीमचा काही दोष नव्हता. मळमळीच्या जवळपास जे असतं त्याच्यावर शरीर मळमळीचा शिक्का मारतं. काहींना तर पुढे हॉस्पिटलचं फाटक दिसलं तरी उलटी होते. मावशीने पहिल्या लाल केमोला थर्मासमधून कोकम सरबत नेलं होतं. कोकणातली बाई, पण आता कोकमाचा वास आला तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. घराच्या अंगणाचं तसं व्हायला नको होतं. चित्रातल्या अंगणाला वास नसतो आणि पॅक्लिटॅक्सेलची मळमळही लाल औषधापेक्षा कमी असते, त्यामुळे कदाचित काही झालं नसतं. पण तो जुगार मला खेळायचा नव्हता. परका समुद्र खराब झाला तर झाला.

आणि तो झालाच. आठवी केमो संपल्यावर दोन महिन्यांनी मुलाने सहज तो किनारा लावून दिला, तर तिने लगेच चष्मा काढून हातात दिला. "हा नको. हा तिथला आहे."

मग त्याने गावचं घर लावलं. मावशी दिवाणखान्यात खुर्चीवर ताठ बसली. डोक्यावर बोटभर केस आले होते, टोपीची गरज नव्हती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मान हळूहळू विहिरीकडे गेली, पडवीकडे आली, मग खाली झुकली. तिने पाय जरा वर उचलले.

"अरे, अंगण झाडलं नाही कुणी," ती म्हणाली. "चित्रं काढायला गेलात आणि एवढा पाचोळा तसाच ठेवलात?"